भूगोल शिकवायला आलेले ब्रदर आणि गळ्यात पडलेली टीम: इटेनचं प्रकरण

पार्श्वभूमी

आपल्याकडे कितीतरी शाळांत पीटीचे सर नसतात, मग जूनमध्ये स्टाफ मीटिंगला हेडमास्तर सगळ्यांकडे एकदा नजर फिरवतात आणि जो नवीन, जो तरुण, ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे क्रीडा विभाग देऊन मोकळे होतात. तो बिचारा इतिहासाचा नाहीतर मराठीचा मास्तर. पुढे एकतर शिट्टी घेऊन झाडाखाली उभा राहतो, नाहीतर कुठून तरी वाचून मुलांना नुसतं पळवत सुटतो. हे प्रकरण अशाच एका मास्तरांचं आहे, फक्त ते घडलं केनियात आणि गेलं थेट ८०० मीटरच्या वर्ल्ड रेकॉर्डपर्यंत. जी नावं सगळ्या जगाला माहीत आहेत तेवढीच घेतलीयेत, शाळेतल्या बाकीच्या पोरांना त्यांच्या जागी राहू दे.

ब्रदर कॉल्म ओकॉनेल हे आयर्लंडचे, पॅट्रिशियन ब्रदर्स या कॅथलिक धार्मिक संघातले. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना फादर आणि ब्रदर यातला फरक सांगायला नको, बाकीच्यांसाठी एवढंच की ब्रदर मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना सांगत नाहीत, पण गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तिन्ही शपथा घेतात आणि संघ सांगेल तिथे जातात. हा संघ १८०८ साली आयर्लंडमधल्या टलो गावी बिशप डॅनियल डिलेनींनी काढला, काम मुख्यतः शिकवण्याचं. १९७६ साली ब्रदर केनियात आले ते भूगोल शिकवायला, सेंट पॅट्रिक्स हायस्कूल, इटेन या मुलांच्या शाळेत. यायचं होतं तीन महिन्यांसाठी. मुक्काम अजून उठलेला नाही.

इटेन म्हणजे रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावरचं गाव, खाली केरियो दरी पसरलेली, उंची साधारण २४०० मीटर. आपलं कळसूबाई १६४६, म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वात उंच टोकाच्याही साडेसातशे मीटर वर तिथली पोरं रोज शाळेत जातात. लाल मातीचे रस्ते, सकाळी गारठा, जेवायला उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि पालेभाजी, वर भरपूर दुधाचा चहा. आजूबाजूला वस्ती कालेंजिन लोकांची, धावण्यासाठी नावाजलेली ही जमात. शाळा खेळात आधीपासूनच नाव असलेली, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचं ब्रॉंझ घेणारा माइक बोइट याच शाळेचा. म्हणजे ब्रदर उजाड माळावर उतरले नव्हते, हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांच्याबद्दल लिहिणारे लोक हे सोयीस्करपणे विसरतात.

नेमकी अडचण

शाळेत अ‍ॅथलेटिक्स बघायचे पीटर फॉस्टर नावाचे इंग्लंडचे शिक्षक. हे ब्रेंडन फॉस्टरचे भाऊ, तोच ब्रेंडन ज्याने १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरचं ब्रॉंझ जिंकलं. म्हणजे घरातच धावणं. ब्रदर त्यांच्या हाताखाली मदत करायला लागले, आणि थोड्याच काळात फॉस्टर मायदेशी परतले. टीम आली ब्रदरांकडे.

आता परिस्थिती बघा. ब्रदर स्वतः कधी अ‍ॅथलेटिक्समध्ये नव्हते, कोचिंगचा कागद नाही, अनुभव नाही, समोर मात्र अशी मुलं की ज्यांच्यातला एखादा उद्या ऑलिंपिकला जाऊ शकतो. त्यात देशाची वेळही विचित्र. न्यूझीलंडची रग्बी टीम दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेली म्हणून आफ्रिकी देशांनी माँट्रियलवर बहिष्कार घातला, केनियाही गेला नाही, पुढे १९८० च्या मॉस्कोलाही गेला नाही. बोइटसारख्या माणसाची ऐन भरातली दोन ऑलिंपिक्स गेली. म्हणजे पोरांनी पळायचं कशासाठी, तर समोर धड मोठं ध्येय नाही, होती ती अमेरिकन कॉलेजची स्कॉलरशिप. आपल्याकडे दहावी-बारावीच्या खेळाच्या ग्रेस मार्कांसाठी जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरणारी मुलं असतात ना, त्याच्या कितीतरी पट मोठं हे आमिष, पण जात तीच.

मास्तर म्हणून प्रश्न असा की आपल्याला काही येत नाही, हे मुलांना कळू द्यायचं का?

समोर काय पर्याय होते

माझ्या मते चार होते. पहिला, सरळ सांगायचं की हे माझं काम नाही, मला भूगोल शिकवू द्या. यात गैर काही नाही, उलट प्रामाणिकच म्हणावं लागेल, पण मग टीम पडली असती पूर्ण वाऱ्यावर. दुसरा, युरोपातली ट्रेनिंगची पुस्तकं मागवायची आणि त्यातले तक्ते मुलांवर चालवायचे. हा सगळ्यात मोहाचा रस्ता, कारण तक्ता हातात असला की मास्तराला आपण काहीतरी करतोय असं वाटतं आणि वरिष्ठांनाही दाखवता येतो. तिसरा, बाहेरून कुणीतरी जाणकार येईपर्यंत जसं चाललंय तसं चालू द्यायचं. चौथा, मुलांनाच विचारायचं.

ब्रदरांनी चौथा घेतला. तुम्ही कसे पळता, काय केल्यावर बरं वाटतं, काय केल्यावर पाय दुखतात, हे ते मुलांकडून शिकत गेले आणि हे ते पुढे जाहीरपणे सांगतही आलेत की कोचिंग मला माझ्या खेळाडूंनी शिकवलं. ऐकायला हे अगदी गोड वाटतं, पण करून बघा. चाळीस पोरांसमोर मास्तराने गप्प बसून ऐकणं, त्यातही सत्तरच्या दशकात, आफ्रिकेतल्या बोर्डिंगमध्ये गोऱ्या मास्तराने. पुस्तक चाळण्यापेक्षा हे जड काम आहे.

इथे एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. नोकरी जायची भीती नाही, बढतीची हाव नाही, घरी बायकापोरं वाट बघत नाहीत, राहायचं शाळेच्या आवारातल्या छोट्या घरात. ज्याला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसतं त्याला मला येत नाही म्हणणं परवडतं. शपथांचा हा उपयोग लिहिणाऱ्यांच्या फारसा ध्यानात येत नाही, सगळे उंचीवर आणि जनुकांवर पानं खर्च करतात.

काय केलं

ब्रदरांचं ट्रेनिंग बघायला इटेनला लांबून लांबून लोक जातात आणि पहिल्या सकाळी हमखास गोंधळतात, कारण जगातले वेगवान लोक इतके हळू पळताना बघायची कुणाला सवय नसते. हळू जॉगिंग, मग गोल उभं राहून ड्रिल्स, गुडघा कसा उचलला जातोय, खांदे सैल आहेत का, हात शरीराला आडवे जातायत का. भर सगळा धावण्याच्या ढबीवर. ज्युनियर मुलांना किलोमीटरचा डोंगर द्यायचा नाही, घाई नाही. सोबत एक स्टॉपवॉच, लॅब वगैरे काही नाही.

दुसरं म्हणजे त्यांनी शाळेचं कॅलेंडर मोडलं नाही. केनियात शाळेच्या तीन टर्म, सुट्ट्या एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये. पुढे १९८९ च्या सुमारास त्यांनी याच सुट्ट्यांत ज्युनियर कॅम्प घ्यायला सुरुवात केली. टर्म चालू असताना अभ्यास, सुटीत कॅम्प. मला तर वाटतं सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. कोच असता तर त्याने रेसच्या कॅलेंडरप्रमाणे मुलांना चालवलं असतं, हा माणूस मास्तर होता म्हणून मुलांना टर्मप्रमाणे चालवलं, आणि त्यातून आपोआप त्यांना वाढायला विश्रांती मिळत गेली. पुढे ते हेडमास्तरही झाले, त्यामुळे वर्गात बसायचं की मैदानावर हा वाद घालायला दुसरं कुणी उरलंच नाही.

तिसरं, जाऊ देणं. मुलगा तयार झाला की तो अमेरिकेत जायचा, तिथल्या कोचच्या हाताखाली. जुळे चेरुइयोट भाऊ, किप आणि चार्ल्स, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला गेले. इब्राहिम हुसेन न्यू मेक्सिकोत शिकला आणि १९८७ ला न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली, मग १९८८, ९१, ९२ अशी तीनदा बॉस्टन. पीटर रोनो मेरीलँडमधल्या माउंट सेंट मेरीजला गेला आणि १९८८ ला सोल ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचं गोल्ड, वय फक्त २१. विल्सन किपकेटर १९९० ला शिकायला डेन्मार्कला गेला आणि तिथलाच झाला. ब्रदरांनी कुणाला धरून ठेवलं नाही. धरून ठेवण्यात त्यांचा फायदाही नव्हता म्हणा, कारण टक्केवारी घ्यायचीच नव्हती.

मुलींचा प्रश्न

हा दुसरा निर्णयाचा टप्पा. सेंट पॅट्रिक्स मुलांची शाळा, त्यामुळे मुली ही ब्रदरांची जबाबदारी नव्हतीच. त्या काळात केनियाचे पुरुष जगभर जिंकत होते आणि बायका कुठे होत्या, तर लग्न झालं की पळणं संपलं, पोरं झाली की विषयच संपला. घरच्यांना विचारलं तर मुलगी सुटीत घरी पाहिजे, पाणी कोण आणणार. हे वाक्य मराठवाड्यातही कुणी म्हणेल, अनुवाद करावा लागणार नाही.

पर्याय काय, तर ते शांतपणे मुलांचं मुलांचं करत राहू शकत होते, कुणी बोट दाखवलं नसतं. त्यांनी आसपासच्या शाळांतल्या मुलींना कॅम्पमध्ये घेतलं. एक ब्रह्मचारी ब्रदर आणि सुट्टीत घरापासून लांब आलेल्या मुली, यात आईबापांचा विश्वास किती लागला असेल विचार करा. इथे मास्तरकी कामाला आली असणार, कोच म्हणून गेले असते तर दार उघडलं नसतं, शाळेचे सर म्हणून उघडलं.

परिणाम लगेच दिसला. १९९१ मध्ये अँटवर्पला लिडिया चेरोमेई वर्ल्ड क्रॉस कंट्रीची ज्युनियर चॅम्पियन झाली, वय १३. सॅली बारसोसिओने १९९३ ला स्टुटगार्टमध्ये १०,००० मीटरचं ब्रॉंझ घेतलं तेव्हा ती १५ ची, आणि १९९७ ला अथेन्समध्ये गोल्ड, वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड जिंकणारी केनियाची पहिली महिला. पुढे जॅनेथ जेपकोस्गेई २००७ मध्ये ओसाकाला ८०० मीटरची वर्ल्ड चॅम्पियन.

आता इथे मला थांबायचंय. घाई करू नका म्हणणाऱ्या माणसाच्या कॅम्पमधली मुलगी तेराव्या वर्षी जग जिंकते, हे दोन्ही एकत्र कसं बसतं? निवड देशाच्या फेडरेशनची असते हे मान्य, आणि ती मुलगी ट्रायल जिंकत असेल तर तिला कोणत्या तोंडाने थांबवायचं हेही खरं. तरी मी असतो तर अडवलं असतं. पुढे जागतिक ज्युनियर स्पर्धांना किमान १६ वर्षांची अट आली, म्हणजे जगालाही ते पटलेलं नव्हतं. दुसरी बाजू म्हणजे हीच लिडिया २०१२ ला दुबईत दोन तास २१ मिनिटांत मॅरेथॉन पळत होती, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, म्हणजे लवकर जिंकली म्हणून लवकर संपली असं तिच्याबाबतीत तरी झालं नाही. पण एका उदाहरणावर नियम बसवू नये, लवकर चमकून नाहीशी झालेल्या पोरींची नावं कुणी लिहून ठेवत नाही.

रुडिशाचं वळण

डेव्हिड रुडिशा मसाई जमातीतला, केनियातल्याच किलगोरिसकडचा, वडील डॅनियल १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ४ गुणिले ४०० रिलेचं सिल्व्हर घेतलेले. पोरगा उंच, सुरुवातीला डेकॅथलॉनचा, म्हणजे दहा प्रकारांच्या स्पर्धेचा नाद, मग ४०० मीटर. ब्रदरांनी त्याला ८०० कडे वळवलं आणि २००६ ला बीजिंगमध्ये तो वर्ल्ड ज्युनियर चॅम्पियन झाला. २००८ चं ऑलिंपिक दुखापतीत गेलं. आणि मग २००९, बर्लिन वर्ल्ड चॅम्पियनशिप, तिथे सेमीफायनलमध्येच बाहेर.

८०० ही वाईट रेस आहे. दोन राउंड, त्यात धक्काबुक्की, चुकीच्या जागी अडकलात की संपलं. रुडिशाची चाल लांब, गर्दीत त्याचं नुकसान जास्त. इथे कोचपुढे दोन रस्ते असतात. पोराला गर्दीत कसं लढायचं ते शिकवायचं, मागे राहून शेवटच्या १०० मीटरला कसं सुटायचं ते घोटून घ्यायचं, बहुतेक कोच हेच करतील. किंवा गर्दीच नको, पहिल्यापासून पुढे, ज्याला यायचंय त्याने मागून या. दुसऱ्यात धोका भयंकर, कारण वारा तुम्ही खाता आणि मागचे सावलीत पळतात, शेवटच्या ६० मीटरला पाय शिशाचे झाले की सगळ्यांच्या देखत पाच जण ओलांडून जातात.

त्यांनी दुसरा धरला. बर्लिननंतर काही आठवड्यांतच इटलीतल्या रिएतीत १:४२.०१, म्हणजे एक मिनिट ४२.०१ सेकंद, आफ्रिकेचं रेकॉर्ड. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये आधी बर्लिनला १:४१.०९ आणि आठवड्याभराने रिएतीला १:४१.०१, दोन्ही वर्ल्ड रेकॉर्ड. पण तिथे पेसमेकर होता, म्हणजे पुढे पळून वेग लावून देणारा गडी. ऑलिंपिकमध्ये पेसमेकर नसतो. ९ ऑगस्ट २०१२, लंडन, त्याने पहिल्या वळणानंतरच पुढे जाऊन ४०० मीटर ४९.२८ ला काढले आणि तसंच ओढत नेलं, १:४०.९१. १:४१ च्या आत पळणारा पहिला माणूस, तेही फायनलमध्ये, पुढे कुणी नसताना. आठवा आलेला गडी १:४३ मध्ये. माझ्या बघण्यातली ही सगळ्यात चांगली रेस, यावर कुणाशीही भांडायला तयार आहे.

मला यात कौतुक वाटतं ते निर्णयाच्या सरळपणाचं. मुलात जे कमी आहे ते भरत बसण्यापेक्षा जे आहे त्याला सोयीची रेस बनवायची. हे सत्तरच्या दशकातल्या त्या ऐकून घेण्याचंच पुढचं टोक, पुस्तकाने हा सल्ला दिला नसता.

निकाल

१९९७ च्या ऑगस्टमध्ये किपकेटरने ब्रिटनच्या सबॅस्टियन को याचं १९८१ चं ८०० मीटरचं रेकॉर्ड, १:४१.७३, मोडलं, त्याच महिन्यात कोलोनला ते १:४१.११ वर नेलं. २०१० ला ते रुडिशाने मोडलं. म्हणजे १९९७ पासून ८०० चं रेकॉर्ड ब्रदरांच्याच पोरांकडे आहे, एक डेन्मार्कच्या बनियनमध्ये, एक केनियाच्या. रुडिशाने २०१६ ला रिओतही गोल्ड घेतलं, १:४२.१५. स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीत, मॅथ्यू बिरिर १९९२ चा ऑलिंपिक चॅम्पियन, तोही याच शाळेचा. शाळेच्या आवारात चॅम्पियन पोरांच्या नावाची झाडं लावलेली आहेत.

गाव बदललं. इटेनच्या वेशीवर चॅम्पियनांचं गाव म्हणून कमान आहे, हॉटेलं, कॅम्प, मसाजवाले, युरोपातून येणारे हौशी धावपटू, त्यात हल्ली पुण्या-मुंबईचेही दिसतात. पैसा आला, एजंट आले, पाठोपाठ डोपिंग आलं, २०१६ मध्ये वाडा (WADA) या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने केनियाला नियम न पाळणाऱ्यांच्या यादीत टाकलं होतं. शाळेच्या शिस्तीत वाढलेली पद्धत आणि बाहेर बक्षिसाच्या रकमेवर चालणारं गाव, हे आता एकमेकांना खेटून उभे आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

उंचीचं आणि कालेंजिनांचं श्रेय किती, ब्रदरांचं किती, हा हिशोब कुणालाच मांडता येणार नाही. बोइट त्यांच्या आधीचा आहे, हे वर म्हटलंच. पण तीच उंची आजूबाजूच्या पन्नास शाळांना होती, हेही तितकंच खरं, आणि मुली तर त्याच घरांतल्या होत्या, त्यांच्यासाठी कॅम्प निघेपर्यंत कुणाला दिसल्या नाहीत.

वयाचं मी बोललो. दुसरा मुद्दा ट्रॅकचा. इटेनजवळचं कामारिनी मैदान, मातीचा ट्रॅक, तिथे कित्येक चॅम्पियन घडले, सरकारने नवं स्टेडियम बांधायला ते उकरलं आणि काम वर्षानुवर्षं लटकलं. ब्रदर आणि त्यांची पोरं जगात इतकी मोठी झाली, तरी जुनी जागा हलवण्याआधी पर्यायी मैदान द्या एवढं त्या गावाला पदरात पाडून घेता आलं नाही. हे एकट्या ब्रदरांचं अपयश म्हणणार नाही, पण राजकारणापासून लांब राहणाऱ्या माणसाचा जसा फायदा असतो तसा हा तोटाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड. ब्रदर आता सत्तरी ओलांडून बरेच पुढे गेलेत. आयर्लंडमधून नवीन ब्रदर फारसे येत नाहीत, तिकडे या मार्गाला जाणारी मुलंच राहिली नाहीत. म्हणजे पगाराशिवाय, टक्केवारीशिवाय, शाळेच्या आवारात राहून पन्नास वर्षं हे करणारा माणूस पुन्हा मिळणार नाही, जाहिरात देऊन तर नाहीच. स्थानिक कोच तयार झालेत, हाताखाली शिकलेतही, पण त्यांना संसार आहे, पोरांची फी आहे, आणि गावात एजंट पाकीट घेऊन उभा आहे. त्यांनी फुकट करावं ही अपेक्षाच चूक.

मला विचाराल तर २०१२ च्या लंडननंतरचे सहा महिने ही वेळ होती. सगळं जग तेव्हा इटेनकडे बघत होतं, तेव्हा एक छोटा फंड काढायचा, कॅम्पमधून गेलेल्या चॅम्पियनांनी वर्षाच्या कमाईतला ठरावीक हिस्सा द्यायचा आणि त्यातून दोन-तीन स्थानिक कोचना शाळेच्या मास्तराइतका पगार, अट एकच, की कुणा एजंटकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि कॅम्प सुट्टीतच. ब्रदरांनी शपथेवर जे केलं ते पुढच्यांना पगारावर करता आलं पाहिजे. चॅम्पियन अजून आहेत, पैसेही आहेत, त्यामुळे उशीर झाला असला तरी हे आजही करता येईल.